उणे अडीच

माझी हाडं उणे दोन पॉइंट सहा आणि जाऊबाईंची उणे एक पॉइंट चार. एवढ्या फरकावर माझी नात माझ्या हातातून गेली आणि जिनं जन्मात कधी एक लंगोट बदलला नव्हता तिच्या खांद्यावर जाऊन बसली. सरळच सांगते, माझ्या पोटात दुखलं. दुखलं कसलं, आग लागली. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मला त्रेसष्टावं लागलंय, अजून तरी तसं काही लक्षण दिसत नाही.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहोजाहो करते. मनात अहोजाहो करायचं मी केव्हाच सोडलं. तिसाव्या वर्षी ती दिरांबरोबर त्यांच्या नोकरीपायी समुद्रापलीकडे गेली आणि पस्तीस वर्षं तिकडेच राहिली. आमच्या घरात नुसतं 'तिकडे' म्हटलं की सगळ्यांना कळतं. दर तीन-चार वर्षांनी यायची, पंधरा दिवस राहायची, हलके पांढरे बूट घालून घरभर फिरायची, आणि जाताना सासूबाईंच्या गळ्यात पडून रडायची. मग मागे राहिलेल्या सासूबाईंचं मी करायचं. शेवटची सात वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं, आंघोळ, सगळं मी केलं. हाडाची काडं केली म्हणतात ना, ती मी खरोखरची केली. आणि सासूबाई जाईपर्यंत आल्यागेल्याला काय सांगायच्या? थोरलीचा किती जीव आहे हो माझ्यावर, दर महिन्याला पत्र येतं.

आता आम्ही दोघीही एकट्या. माझे हे पाच वर्षांपूर्वी गेले, तिचे दीड वर्षापूर्वी. तिला मूलबाळ नाही. माझ्या मुलानं, माझ्याच हो, मोठ्या मनानं काकूला बोलावून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या तीन खोल्यांत, माझ्याच खोलीत, माझ्या पलंगाशेजारी तिचा पलंग लागला. सहासष्ट वर्षांची बाई, पण ताठ चालते, केस दाट, दात स्वतःचे. सोसायटीतल्या बायका मला विचारायच्या, या तुमच्या धाकट्या जाऊ का? मी मिठाची गुळणी धरायची.

वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली आहे. सकाळी माझ्याआधी उठून पाणी तापवून ठेवते, मला 'धाकटे' म्हणून लाडानं हाक मारते. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं असतं, सगळं आपल्यालाच करावं लागतं, समोरून काही मदत होत नाही.

मग नात झाली. घरात तिला बबडी म्हणतात. माझी सून औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिला चौथ्या महिन्यात कामावर परतायचं होतं. बबडीला दिवसभर कोण बघणार हा प्रश्नच नव्हता. मी होते की. एकतीस वर्षं नोकरी करून, मुलाला वाढवून, सासूला उचलून झाल्यावर देवानं मला हे एक माझं म्हणून दिलं होतं. पण त्याच आठवड्यात मी जिन्यात घसरले. लागलं काही नाही, शेवटच्या दोन पायऱ्या बुडावर उतरले इतकंच. सुनेनं मात्र ते डोक्यात घेतलं. म्हणाली, आई, बाळाला घेऊन जिना चढाउतरायचा आहे, एकदा हाडांची तपासणी करून घ्या. मग काकूंचीही करू, लगे हात.

तपासणी म्हणजे काही दुखत नाही. एका गार खोलीत पातळ गादीवर उताणं झोपायचं, पायाखाली एक मोठा ठोकळा देतात, आणि एक दांडा अंगावरून हळूहळू सरकत जातो. ते यंत्र चालवणारी तिशीतली बाई होती. आधी जाऊबाईचा नंबर लागला. तिच्या कार्डावर जुना, तिकडचा पत्ता होता. झालं. यंत्रवाली विचारतेय, कुठे असता, किती वर्षं होता, आणि ही सांगतेय अगदी रसात येऊन. तिकडच्या म्हाताऱ्या कशा जमिनीवर उठतात-बसतात, लहान मासे काट्यांसकट कशा खातात, ऐंशीव्या वर्षी पिशव्या घेऊन बाजारातून कशा चालत येतात. आणि त्याहून वरच्या थंड देशांत लोक तांबेच्या तांबे दूध पितात, तरी म्हातारपणी खुब्याची हाडं मोडून घेतात. यंत्रवाली हसत हसत टाइप करत होती. माझी पाळी आली तेव्हा म्हणाली, झोपा, हलू नका. बस्स. मला कोणी काही विचारलंच नाही. मी जन्मभर इथेच होते, माझ्याकडे विचारण्यासारखं होतं काय?

चार दिवसांनी कागद आले. डॉक्टरांनी समजावलं की तरुणपणीच्या भरलेल्या हाडांच्या मानानं आपलं किती कमी झालं तो हा आकडा. सगळ्या म्हाताऱ्यांचा उण्यातच असतो, पण उणे अडीचच्या खाली गेला की हाडं ठिसूळ समजायची. मी खाली, जाऊबाई वर. मला गोळ्या, दूध, जड उचलायचं नाही, जिन्यात हातात काही घ्यायचं नाही. जाऊबाईला नुसतं, छान, चालत राहा.

सुनेनं त्याच दिवशी घरात वाटण्या करून टाकल्या. बबडीला उचलायचं, फिरवायचं, खाली बागेत न्यायचं ते काकूंनी. आईंनी बाटल्या उकळायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, दूध तयार करून द्यायचं. बोलली अगदी गोड, माझ्या काळजीनंच बोलली. मी हो म्हटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ठिसूळ हाडांनी आदळआपट कुठे करायची?

पुढचे तीन महिने माझे कसे गेले ते माझं मला माहीत. मी ओट्यापाशी बाटल्या उकळतेय आणि आतून जाऊबाईचं गाणं ऐकू येतंय. मी घड्या घालतेय आणि ती पोरीला खांद्यावर टाकून खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतेय. पोर पहिल्यांदा खदखदून हसली ती तिच्या खांद्यावर. ओळख धरायला लागली ती तिची. मी जवळ गेले की बबडी माझ्याकडे बघायची, शेजारच्या बाईकडे बघावं तशी. मी दूध पिऊन गोळी गिळत असले की जाऊबाई म्हणायची, धाकटे, नुसत्या दुधानं काही होत नाही गं, तिकडे कुणी एवढं दूध पीत नाही. ती चांगल्या मनानं बोलायची. मला तो पेला भिंतीवर मारावासा वाटायचा.

या गुरुवारी माझ्या गोळ्या संपल्या. नव्या आणायला सुनेला माझा कागद हवा होता. मी कपाटातून फाइल काढली तर दोघींचे कागद एकत्रच. पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. मोठ्या अक्षरातले उण्याचे आकडे मला पाठच होते. पण त्यांच्या वर बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता, हाडात प्रत्यक्षात किती भर आहे त्याचा. माझा शून्य पॉइंट सहाशे अडुसष्ट. तिचा शून्य पॉइंट सहाशे एक्केचाळीस. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. माझं जास्त होतं.

आता मी कुठे नोकरी केली ते सांगायला हवं. वजनमापं तपासायच्या खात्यात. दुकानदारांचे तराजू, वजनं आमच्या टेबलावर यायची, खात्याच्या प्रमाण वजनाशी ती ताडून बघायची आणि बरोबर असतील तरच शिक्का मारायचा. एकतीस वर्षं हेच केलं. एक गोष्ट रक्तात भिनली आहे माझ्या. जास्त असलेला माल कमी भरला, तर मालाकडे बघायचं नाही, समोरच्या पारड्यातलं वजन उचलून बघायचं. मापात पाप तिथे असतं. मी कागदाच्या तळापर्यंत गेले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, तुलना कोणत्या प्रदेशातल्या लोकांशी केली ते. माझ्या कागदावर एक प्रदेश, तिच्या कागदावर दुसरा. तिच्यावर तिकडचा. माझ्यावर असा कुठला तरी जिथे मी कधी पाऊलही ठेवलं नाही.

शुक्रवारी सकाळीच मी दवाखान्यात जाऊन उभी राहिले. दोन्ही कागद यंत्रवालीच्या पुढ्यात ठेवले आणि विचारलं, एका घरातल्या दोन बायका दोन वजनांनी का तोलल्या? आधी ती चाचरली, मग खुर्ची पुढे केली. सांगायला लागली की यंत्रात निरनिराळ्या प्रदेशांच्या याद्या भरलेल्या असतात, तिथल्या निरोगी तरुण बायकांची हाडं मोजून केलेल्या. कुठली हाडं मुळातच भरदार, कुठली बारीक. आपण यादी निवडली नाही, तर यंत्र जिथे तयार झालं तिथल्या तरण्याताठ्या पोरींशी तुलना होते. त्या हाडापेरानं दणकट असतात. तिकडच्या बारीक असतात. माझ्यासाठी तिनं काही निवडलं नव्हतं. जाऊबाईनं तिकडच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या म्हणून तिकडची यादी लावली.

मी म्हटलं, आणि आपली यादी?

"आपली यादीच नाहीये काकू," ती म्हणाली. "आपल्याकडच्या मुलींची हाडं एवढ्या संख्येनं कोणी मोजलीच नाहीत अजून."

म्हणजे मी तीन महिने कुणा परक्या धडधाकट पोरींपुढे उणी ठरत होते, आणि जाऊबाई कुणा दुसऱ्याच नाजूक पोरींशेजारी उभी राहून पास होत होती. मी यंत्रवालीला भिंतीवरचा तिचाच तक्ता दाखवला. त्यात लिहिलं होतं, हाडं तिशीपर्यंत भरतात. म्हटलं, माझी जाऊ गेली तेव्हा तिशी गाठलेली होती. तिची हाडं इथल्या पाण्यावर, इथल्या उन्हात, माझ्यासारखीच तयार झाली. तिकडे जाऊन पत्ता बदलतो बाई, सांगाडा बदलत नाही. यंत्रवालीनं कपाळाला हात लावला. चूक झाली म्हणाली आणि दोघींना एकाच यादीवर घालून बघितलं. दणकट पोरींच्या मापानं मी उणे दोन पॉइंट सहा, जाऊबाई उणे दोन पॉइंट आठ. नाजूक पोरींच्या मापानं मी उणे एक पॉइंट दोन, ती उणे एक पॉइंट चार. कुठल्याही तराजूत घाला, ती माझ्या खाली.

मला किती आनंद झाला ते सांगायची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. नवे कागद बघून डॉक्टर म्हणाले, एवढा फरक म्हणजे नसल्यासारखाच, पुन्हा झोपवून मोजलं तरी इतकं इकडेतिकडे होतं. आकड्यालाच धरून बसू नका, आधी कधी साध्या पडण्यानं हाड मोडलंय का हे त्याहून महत्त्वाचं, दोघीही एकदा येऊन जा. मी मान हलवत होते. मला फक्त दोन पॉइंट आठ ऐकू येत होतं. घरी येताना ते तिन्ही मजले मी कठड्याला हात न लावता चढले.

सुनेला शुक्रवारी सुट्टी असते. मुलगाही दुपारच्या पाळीचा, त्यामुळे घरात होता. जाऊबाई नेहमीप्रमाणे बबडीला खांद्यावर घेऊन खिडकी ते दार करत होती. मी कागद टेबलावर पसरले आणि सगळं सांगितलं, याद्या, माप, चूक, दोन पॉइंट आठ. सुनेला पटकन कळलं, तिचा व्यवसायच औषधांचा. ती कागद उलटेपालटे करून बघायला लागली. मला आणखी चेव आला. मी म्हटलं, आणि डॉक्टरांनी विचारलंय, आधी कधी कुणाचं हाड मोडलंय का? माझं तर नाही बाई.

जाऊबाई चालायची थांबली. तिनं पोरीला आपणहून सुनेच्या हातात दिलं. मग खुर्चीत बसली.

"दोनदा मोडलंय," ती म्हणाली. "एकदा मनगट, अंगणात नुसती घसरले तेव्हा. आणि मग पाठीचा मणका, तो तर काही न होताच दबला. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उचलू नका म्हणून."

मुलानं विचारलं, मग तपासणीआधी भरलेल्या दवाखान्याच्या फॉर्मवर का नाही लिहिलं?

"लिहिलं असतं तर दिली असती का रे ही माझ्या हातात?"

सून हळूच म्हणाली, काकू, रोज तीन मजले घेऊन उतरायचात तुम्ही हिला. रागावली नव्हती ती. पोरीला तिनं घट्ट छातीशी धरलं होतं. जाऊबाई खाली मान घालून बसली होती, आणि तिची पाठ, जिचा मी वर्षभर हेवा केला ती ताठ पाठ, मला आता दिसली. ती ताठ नव्हती, ती धरून ठेवलेली होती. रोज, दिवसभर, दातओठ खाऊन.

सुनेनं तासाभरात निकाल दिला. सोमवारपासून बबडी दुकानाजवळच्या पाळणाघरात. घरात कुणीही तिला उचलून फिरवायचं नाही, ना काकूंनी, ना आईंनी. मांडीवर घ्यायचं, तेही बसून, दुसऱ्या कुणीतरी आणून दिल्यावर. मी म्हणणार होते, अगं पण माझं तर कधी मोडलं नाही, माझा आकडा तर बघ. सुनेचा चेहरा बघून शब्द गिळले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? जाऊबाईच्या हातातून काढायला गेले आणि स्वतःच्या हातातही काही उरलं नाही. दिवसभर भिंतीपलीकडून का होईना ऐकू तरी यायची पोर, तीही आता जाणार.

माझं तोंड बघून सुनेला काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, आई, बसा, आज तुम्ही घ्या. मी खुर्चीत बसले आणि तिनं बबडी माझ्या मांडीवर ठेवली. तीन महिन्यांनी. जड झाली होती, अंगाला दुधाचा वास येत होता, मान अगदी धरलेली. मी तिला बबडे म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. आणि दोन्ही हात समोर केले, समोरच्या खुर्चीतल्या जाऊबाईकडे.

जाऊबाई जागची हलली नाही. तिनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, सुटू नयेत म्हणून. डोळे जमिनीवर. चाळीस वर्षं मी मनात धरलेली इच्छा होती की एकदा तरी माझ्यासमोर हिच्या हातात काही नसावं. ती पुरी झाली होती, आणि मांडीवर पोर निळी होईपर्यंत रडत होती.

मी म्हटलं, "घ्या, ताई."

"नको गं. माझं मोडलेलं आहे."

"बसलेल्या आहात ना? घ्या."

उचलून तर मलाही न्यायचं नव्हतं. मी खुर्ची पायानं ढकलत ढकलत पुढे नेली, तिच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि पोरीला माझ्या मांडीवरून तिच्या मांडीवर सरकवलं. पोर लगेच गप्प झाली. अगदी लगेच. निदान थोडा वेळ तरी घ्यायला हवा होता तिनं. जाऊबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पोरीच्या केसांत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटत होती. मी बबडीचा एक पाय मुठीत धरून ठेवला होता, तो मी सोडला नाही.

परवा सोमवार. पाळणाघराच्या दारात पोर कुणाच्या नावानं रडणार हे मला ठाऊक आहे, आणि मला ते अजूनही सोसत नाही.